लॉगमध्ये ती ओळ सापडत नाहीये? सपोर्टवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याला राहतो, ऑफिस ऐरोलीत. आमची सपोर्ट टीम रात्रपाळीला असते आणि रात्री दोनला माझा फोन वाजला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "दादा, लॉगमध्ये काहीच नाहीये." लॉग म्हणजे सर्व्हर आपल्या कामाची नोंद ओळीओळीने लिहितो ती फाइल, आणि तिच्यात शब्द शोधायची कमांड म्हणजे ग्रेप. लॉगमध्ये काहीतरी असतंच. शोधणारा चुकीच्या फाइलीत, चुकीच्या तासात किंवा चुकीच्या शब्दात शोधत असतो. फोनवर तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

इथल्या कमांड देवनागरीत का? टाइप कशा करायच्या?

फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात. टर्मिनलवर अर्थातच सगळं रोमन छोट्या अक्षरांत, अंकही रोमन. ग्रेपचं स्पेलिंग जी-आर-ई-पी. 'डॅश आय' म्हटलं की डॅशला चिकटून आय, मधे जागा नाही. जिथे 'मोठा' म्हटलंय तिथे कॅपिटल अक्षर, आणि हे हलक्यात घेऊ नका. छोटा सी म्हणजे 'ओळी मोज', मोठा सी म्हणजे 'मागच्या-पुढच्या ओळीही दाखव'. माणूस वेगळा, आडनाव एकच, असं समजा.

सगळ्यात साधा नमुना असा:

ग्रेप -आय 'टाइमआउट' एरर.लॉग

म्हणजे एरर.लॉग या फाइलीत टाइमआउट हा शब्द असलेल्या सगळ्या ओळी दाखव, कॅपिटल-छोटं बघू नकोस. आधी पर्याय, मग शोधायचा मजकूर, शेवटी फाइल. हा क्रम बोटांत बसू द्या.

ग्रेप हे काय नाव झालं?

बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी हा प्रोग्रॅम लिहिला. १९७३ च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत तो आला. त्याआधीच्या 'एड' नावाच्या एडिटरमध्ये एक आज्ञा होती: जी, मग दोन तिरक्या रेघांमध्ये नमुना, शेवटी पी. 'पूर्ण फाइलीत हा नमुना शोध आणि ती ओळ छाप' असा तिचा अर्थ. नमुन्याला ते आरई म्हणत. जी, आरई, पी जोडलं की ग्रेप.

यातला 'ओळ' हा शब्द तेवढा पक्का लक्षात ठेवा. ग्रेप ओळीओळीने वाचतो. जावाचा एरर चाळीस ओळींचा असला आणि तुमचे दोन शब्द दोन वेगळ्या ओळींवर पडले, तर दोन्ही शब्दांचा एक नमुना करून काही हाती लागणार नाही.

ग्राहकाने एररचा स्क्रीनशॉट पाठवलाय. त्यातलं वाक्य शोधलं, मिळालं नाही.

मिळणारच नाही. 'काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' हे वाक्य स्क्रीन बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं, सर्व्हरने नाही. स्क्रीनशॉटमध्ये आधी कोपऱ्यातलं घड्याळ बघा, मग ॲड्रेस बारमधला पत्ता, मग एखादा रिक्वेस्ट आयडी (प्रत्येक विनंतीला मिळणारा वेगळा नंबर) किंवा ऑर्डर नंबर दिसतोय का ते. आयडी मिळाला तर अर्धं काम झालं, कारण तो गेटवेपासून डेटाबेसच्या थरापर्यंत सगळ्या लॉगमध्ये तोच असतो, निदान असायला हवा. आयडी नसेल तर पत्ता आणि वेळ. ग्राहकाच्या शब्दांत शोधू नका, सर्व्हरच्या शब्दांत शोधा.

कुठल्या फाइलीत बघायचं?

लिनक्सवर सुरुवात 'स्लॅश व्हार स्लॅश लॉग' या फोल्डरपासून. उबुंटू-डेबियनवर सर्वसाधारण फाइलीचं नाव सिसलॉग, रेड हॅटच्या घराण्यात मेसेजेस. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं त्याच नावाचं उपफोल्डर असतं आणि त्यात दोन फाइली: ॲक्सेस.लॉग आणि एरर.लॉग. नवी मुलं एरर हवा म्हणून फक्त एरर.लॉग बघतात. पण ५०० चा आकडा, म्हणजे सर्व्हरकडून चूक झाल्याचा कोड, ॲक्सेस.लॉगमध्ये असतो. कारण एरर.लॉगमध्ये सापडतं, तेही सापडलं तर, कारण ॲप्लिकेशनचा स्वतःचा लॉग तिसरीकडेच असू शकतो.

फाइल कुठली तेच माहीत नसेल तर 'ग्रेप डॅश आर डॅश छोटा एल', मग मजकूर, मग फोल्डर. तो फक्त फाइलींची नावं देईल. आणि चालू प्रोग्रॅम नक्की कुठे लिहितोय हे विचारायचं असेल तर 'एलएसओएफ डॅश पी' आणि प्रोसेसचा नंबर. उघड्या फाइलींची यादी येते, त्यात लॉग दिसतो.

लोड बॅलन्सर, म्हणजे विनंत्या वाटून देणारा, आणि त्याच्यामागे चार सर्व्हर असतील तर ग्राहकाची विनंती चारातल्या एकावरच पडलेली असते. एकावर शोधून 'नाही' म्हणणं म्हणजे एका फलाटावर उभं राहून लोकल आलीच नाही म्हणणं.

ग्राहक म्हणतो १५ तारखेला रात्री बारा दहाला पैसे कापले गेले. १५ चा पूर्ण लॉग पाहिला, काही नाही.

हा माझा सर्वात आवडता प्रश्न, कारण अर्धी रात्र यातच जाते.

बरेच सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तुमच्या १५ तारखेच्या ००:१० ला सर्व्हरच्या घड्याळात १४ तारखेचे १८:४० वाजलेले असतात. म्हणजे तासही वेगळा आणि तारीखही वेगळी. सकाळी साडेपाचच्या आत घडलेली प्रत्येक गोष्ट यूटीसी लॉगमध्ये आदल्या दिवशी जाऊन बसते. रात्रपाळीला येणाऱ्या बहुतेक तक्रारी याच वेळातल्या.

म्हणून लॉगिन केल्यावर पहिली कमांड ग्रेप नव्हे, 'डेट'. ती वेळेबरोबर झोनही छापते. पण एवढ्यावर विसंबू नका. सर्व्हर यूटीसीवर आणि ॲप्लिकेशन भारतीय वेळेत लिहितंय, हा प्रकारही मी पाहिलाय. एनजिनएक्सच्या ॲक्सेस.लॉगमध्ये वेळेच्या शेजारी '+०५३०' किंवा '+००००' लिहिलेलं असतं, ते वाचा. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये असं काही नसेल तर फाइलीची शेवटची ओळ बघा आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहा.

आणखी एक बारीक गोष्ट. एनजिनएक्स ॲक्सेस लॉगमध्ये ओळ लिहितो ती विनंती संपल्यावर, आल्यावर नव्हे. मागचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर एनजिनएक्स मुळात ६० सेकंद वाट बघतो आणि मग ५०४ (वाट बघून वेळ संपली) देतो. म्हणजे ग्राहकाने १२:१० ला बटण दाबलं तर ओळ १२:११ ला पडते. दोन-तीन मिनिटं पुढेही शोधा.

फक्त दहा मिनिटांचा तुकडा हवाय.

चौकटी कंसाने होतं. ०१:१० ते ०१:१९ हवं तर नमुना '०१:१[०-९]'. शेवटचा अंक शून्य ते नऊ काहीही चालेल असा त्याचा अर्थ. आधी तारीखही जोडा, नाहीतर रोजचा एक वाजता गोळा होईल.

सेड या दुसऱ्या कमांडने 'इथपासून इथपर्यंत' असा पट्टाही काढता येतो, पण त्यात खाच आहे. सुरुवातीच्या नमुन्याची ओळ फाइलीत नसेलच, समजा ०१:१०:०० या सेकंदाला कुणी काही केलंच नसेल, तर सेड काहीही देत नाही. आणि शेवटची ओळ नसेल तर थेट फाइलीच्या टोकापर्यंत सगळं ओततो. सेडला वेळ कळत नाही, अक्षरं कळतात. म्हणून टोकाला पूर्ण सेकंद न देता फक्त तास-मिनिट द्या.

५०० शोधलं तर हजारो ओळी आल्या.

५०० हा आकडा कुठेही असतो: पानाच्या आकारात, ऑर्डर नंबरात, रुपयांतही. एनजिनएक्सच्या नेहमीच्या ओळीत स्टेटस कोड हा विनंतीचं दुहेरी अवतरण बंद झाल्यावर एक जागा सोडून येतो. म्हणून नमुन्यात तेच द्या: दुहेरी अवतरण, जागा, ५००, जागा. बाहेरून एकेरी अवतरणात गुंडाळा:

ग्रेप '" ५०० ' ॲक्सेस.लॉग

सगळे पाचशेच्या घरातले हवे असतील तर दोन शून्यांच्या जागी दोन टिंबं. एक टिंब म्हणजे 'इथे कुठलंही एक अक्षर'. बाकी, ४९९ दिसला तर घाबरू नका. तो एनजिनएक्सचा घरचा कोड आहे, ग्राहकाने उत्तर यायच्या आधीच कनेक्शन बंद केलं असं सांगणारा. ट्रेन पारसिकच्या बोगद्यात शिरली की नेट जातं तसं. पण ४९९ ची झुंबड एकाच पत्त्यावर दिसली तर लोक कंटाळून निघून जातायत, म्हणजे तो पत्ता संथ झालाय.

एक आयपी शोधला तर भलतेच आले.

आत्ताच सांगितलं तेच कारण: टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. १०.१.१.५ शोधलं तर १०.१.१.५० येतो, १०.१.१५५ सुद्धा येऊ शकतो. 'डॅश मोठा एफ' लावा, म्हणजे लिहिलंय तसंच अक्षरशः शोध. सोबत 'डॅश डब्ल्यू' लावा, म्हणजे पुढे-मागे अंक चिकटलेले नकोत. मजकुरात टिंब, कंस, तारका, बॅकस्लॅश काहीही असेल तर मोठा एफ ही सवयच करून टाका. खरंतर माझ्या रोजच्या शोधांत नमुन्याची करामत क्वचितच लागते.

ग्रुपवर आलेली कमांड कॉपी करून चिकटवली, 'नो सच फाइल' म्हणतो.

व्हॉट्सॲप, वर्ड, मेल हे सगळे आपल्या भल्यासाठी सरळ अवतरणचिन्हांचं वळणदार करतात आणि दोन डॅशचा एक लांब डॅश. टर्मिनलला वळणदार चिन्ह हे अवतरण वाटतच नाही. तो 'कनेक्शन रिफ्यूज्ड' यातलं पहिलं अर्धं मजकूर समजतो आणि दुसरं अर्धं फाइलीचं नाव. तशी फाइल नसते, म्हणून ओरडतो. उपाय: अवतरणं आणि डॅश पुसून हाताने पुन्हा टाइप करा.

एंटर दाबल्यावर नुसता '>' येऊन गप्प बसला असेल तर अवतरण बंद करायचं राहिलंय. कंट्रोल-सी.

एकेरी की दुहेरी? एकेरी. दुहेरीमध्ये डॉलरचं चिन्ह आलं की शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, त्याचा स्वतःचा अर्थ लावतो.

मराठी शब्द शोधला तर सापडत नाही. ग्रेपला मराठी येत नाही का?

ग्रेपला कुठलीच भाषा येत नाही, तो बाइट जुळवतो. त्यामुळे मराठीचे चार वेगवेगळे सापळे आहेत, आणि चारही मी एकाच प्रोजेक्टवर खाल्लेत.

पहिला, पत्त्यातलं रूप. कुणी साइटवर 'ठाणे' शोधलं तर ब्राउझर ते तसंच पाठवत नाही. ठ, काना, ण, मात्रा ही चार चिन्हं, प्रत्येकाचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून दोन अक्षरांत. ॲक्सेस.लॉगमध्ये त्या चार चिन्हांची ३६ अक्षरं होतात. नुसता ठ म्हणजे '%ई०%ए४%ए०'. शोधायचं असेल तर शब्द ब्राउझरच्या ॲड्रेस बारमधून कॉपी करा, बहुतेक वेळा तो टक्क्यांच्या रूपातच कॉपी होतो.

दुसरा, जेसन या साच्यात लिहिलेला लॉग. पायथनचं नेहमीचं जेसन लिहिणारं फंक्शन ठ ऐवजी बॅकस्लॅश, यू, ०९२० असं लिहितं. बॅकस्लॅश आला, म्हणजे मोठा एफ लावायचाच.

तिसरा, दिसायला सारखं, आतून वेगळं. 'कोऱ्या वह्या' यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही एकच. ग्रेपला दोन परके शब्द. ग्राहकाच्या मोबाइलचा कीबोर्ड एक लिहितो, तुमचा लॅपटॉप दुसरा. अशा वेळी तो जोडाक्षराचा भाग वगळून 'को.*या' असा सैल नमुना द्या. थोडा कचरा येईल, येऊ द्या.

चौथा सापळा व्याकरणाचा, आणि तो कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. 'ठाणे' शोधलं तर 'ठाण्यात', 'ठाण्याला', 'ठाण्याहून' येत नाहीत, कारण सामान्यरूपात मात्रा गळते. म्हणून 'ठाण' एवढंच शोधा. मग 'वाशी पोलीस ठाणे' पण येतं! पार्सलच्या पत्त्यांतून ठाणे शहराचे मोजताना नवी मुंबईतली सगळी पोलीस ठाणी आम्ही मोजून बसलो होतो. त्यावर पाइप (उभी रेघ, एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देणारी) करून 'ग्रेप डॅश व्ही पोलीस', म्हणजे पोलीस असलेल्या ओळी वगळ. वर नेरुळ-नेरूळ आहेच. तिथे चौकटी कंसात दोन्ही उकार द्या.

एररची ओळ मिळाली, पण त्याआधी काय झालं ते दिसत नाही.

मागच्या ओळींसाठी डॅश मोठा बी, पुढच्यांसाठी मोठा ए, दोन्हीकडच्या हव्या तर मोठा सी, आणि पुढे आकडा. नव्या लोकांना मी आधी एक छोटी फाइल बनवायला लावतो, ओळीला एक स्टेशन: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. मग

ग्रेप -(मोठा सी) १ 'रबाळे' स्टेशन.टेक्स्ट

उत्तर: ऐरोली, रबाळे, घणसोली. मोठा बी १ लावून ऐरोली शोधा, दिघा गाव येतं. २०२४ च्या आधीच्या माणसाने ही फाइल बनवली असती तर ठाणे आलं असतं. एकदा या फाइलीवर हात बसला की मग खऱ्या लॉगवर जा.

खऱ्या लॉगवर मात्र एक फरक आहे. तिथे शंभर विनंत्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, त्यामुळे वरची ओळ तुमच्याच ग्राहकाची असेल असं नाही. वीस ओळी मागे जा, तिथून रिक्वेस्ट आयडी किंवा थ्रेडचं नाव उचला, आणि पुन्हा त्यावर ग्रेप करा.

तीन महिन्यांपूर्वीचं विचारतायत. फाइलच नाही.

फाइल असते, पण दाबून ठेवलेली. लॉगरोटेट जुन्या फाइलींना .१, .२ असे आकडे देतो आणि .जीझेड करून ठेवतो. उघडत बसू नका, 'झेडग्रेप' थेट शोधतो. एक गंमत: काही ठिकाणी आकड्याऐवजी तारीख असते, ती फाइल गुंडाळली त्या दिवसाची. म्हणजे नावात १५ तारीख असली तरी आतल्या बहुतेक ओळी १४ च्या असतात. तारखेच्या अल्याडपल्याडच्या फाइलीही घ्या, नावाला तारका लावून.

किती जुनं मिळायला हवं? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत: लॉग १८० दिवस, आणि भारतातच ठेवायचे. सर्व्हरवर नसतील तर साठवणीत कुठेतरी असले पाहिजेत. तिकिटावर 'लॉग उपलब्ध नाही' लिहिण्याआधी इन्फ्रावाल्यांना विचारा.

चालू लॉगवर नजर ठेवायचीय.

'टेल डॅश मोठा एफ', पुढे पाइप आणि ग्रेप. छोटा एफ नको. छोटा एफ उघडलेली फाइल धरून बसतो. मध्यरात्री लॉगरोटेटने तिचं नाव बदललं की तुम्ही सकाळपर्यंत मेलेल्या फाइलीकडे बघत राहता. मोठा एफ नावाच्या मागे जातो.

ग्रेपच्या पुढे आणखी एक पाइप जोडलात तर ओळी थांबून थांबून, गठ्ठ्याने येतात. ग्रेपला 'डॅश डॅश लाइन डॅश बफर्ड' द्या.

डॉकरच्या लॉगवर ग्रेप लावला, तरी सगळंच दिसतंय. गाळत का नाही?

कारण ते ग्रेपमधून जातच नाहीये. डॉकर ॲप्लिकेशन वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवतो, आणि कंटेनरचे एरर दुसऱ्या नळातून बाहेर टाकतो आणि पाइप फक्त पहिल्या नळाला लागतो. पाइपच्या आधी '२>&१' लिहा, दोन्ही एकत्र येतात.

असे अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या क्युबरनेटिसमध्ये याच्या उलट, कमी दिसतं. लेबल देऊन लॉग मागितले तर त्याची कमांड 'क्युबसीटीएल' प्रत्येक पॉडच्या (कंटेनरच्या गटाच्या) फक्त शेवटच्या १० ओळी देतो. त्यावर ग्रेप करून 'नाही सापडलं' म्हणणारे मी डझनभर पाहिलेत. 'टेल' ला उणे एक द्या. आणि कंटेनर पुन्हा सुरू झाला असेल तर 'प्रीव्हियस' लावा, मेलेल्याचा जबाब तिथे असतो.

लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या सेवांसाठी 'जर्नलसीटीएल डॅश यू' आणि सेवेचं नाव. तो सर्व्हरच्या स्थानिक वेळेत दाखवतो. वर वेळेबद्दल लिहिलंय ते इथेही.

'बायनरी फाइल जुळते' एवढंच सांगून थांबतो.

लॉगमध्ये कुठेतरी शून्य बाइट घुसलाय. सर्व्हर अचानक बंद पडला की असं होतं. डॅश छोटा ए लावा.

विंडोज सर्व्हरवर?

'फाइंडस्ट्र' आहे, पण दोन शब्दांच्या मधे जागा दिली की तो 'हा किंवा तो' असा अर्थ घेतो. पूर्ण वाक्यासाठी 'स्लॅश सी कोलन' लागतं. पॉवरशेल असेल तर 'सिलेक्ट डॅश स्ट्रिंग' बरा.

मोठ्या फाइलीवर ग्रेप केला तर चालू सर्व्हर बसेल का?

सहसा नाही. ग्रेप मेमरीत पूर्ण फाइल ओढत नाही. सर्व्हर बसवायचाच असेल तर सहा जीबीची फाइल 'व्हीआय' मध्ये उघडा. बघायचं असेल तर 'लेस' वापरा. ग्रेपच्या आधी 'नाइस' लावलंत की तो प्रोसेसरवर इतरांना पुढे जाऊ देतो. पहिल्या पाचच ओळी हव्या असतील तर 'डॅश एम ५', तो पाच मिळाल्या की थांबतो. आणि लॉगची प्रत काढण्याआधी 'डीएफ डॅश एच' करून डिस्कवर जागा बघा. भरलेल्या डिस्कचा एरर शोधताना प्रत काढून उरलेली डिस्कही भरणारा एकजण आमच्याकडे होता.

किती वेळा झालं ते मोजायचंय.

'डॅश छोटा सी' ओळी मोजतो, शब्द नव्हे. एका ओळीत तीनदा आला तरी एकच. शब्द मोजायचे तर 'डॅश ओ' आणि पाइप करून 'डब्ल्यूसी डॅश एल'. कुठल्या आयपीवरून किती मार आला हे बघायला ऑक या कमांडने पहिला रकाना काढा, मग 'सॉर्ट', मग 'युनिक डॅश सी', मग पुन्हा 'सॉर्ट डॅश आर एन', शेवटी 'हेड'. पहिला सॉर्ट गाळू नका, युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतो.

ग्रेपने लॉग खराब होऊ शकतो का?

ग्रेपने नाही, माणसाने होतो. महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये मी नवा असताना पहाटे चारला 'ग्रेप फेटल ॲप.लॉग' लिहिलं आणि ओळी त्याच फोल्डरात वेगळ्या फाइलीत ठेवायच्या म्हणून पुढे '>' देऊन, झोपेत, पुन्हा ॲप.लॉग लिहिलं. शेल '>' दिसला की ती फाइल आधी रिकामी करतो, ग्रेप नंतर सुरू होतो. अख्ख्या दिवसाचा लॉग शून्य बाइट. सकाळी साहेबांसमोर उभा राहिलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आता कशात शोधणार?" तेव्हापासून नव्या सर्व्हरवर मी 'सेट डॅश ओ नोक्लॉबर' करतो. असलेल्या फाइलीवर '>' मारलं की शेल नकार देतो. आणि काढलेल्या ओळी नेहमी स्वतःच्या होम फोल्डरात.

ग्रेप काहीच न दाखवता परत आला. म्हणजे ते घडलंच नाही, असं तिकिटावर लिहू का?

थांबा. रिकामा पडदा दोन गोष्टी सांगू शकतो: 'शोधलं, नाही' किंवा 'शोधताच आलं नाही'. लगेच 'एको डॉलर प्रश्नचिन्ह' करा. शून्य म्हणजे सापडलं, एक म्हणजे शोधून सापडलं नाही, दोन म्हणजे वाटेत गडबड झाली, बहुधा फाइल वाचायची परवानगी नव्हती. डेबियन-उबुंटूवर बऱ्याच लॉगांसाठी 'एडीएम' गटात असावं लागतं. काहीजण कमांडच्या शेवटी सवयीने '२>' करून एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचरापेटीत टाकतात. त्यांना परवानगी नाकारल्याचं कळतही नाही, आणि ते आत्मविश्वासाने 'नाही' लिहून मोकळे होतात.

एक आला तरी मी लगेच मानत नाही. मी खुणेची ओळ टाकतो. 'कर्ल' ने साइटच्या अशा पत्त्यावर विनंती पाठवतो जो कुठेच नाही, समजा 'स्लॅश रबाळे-चहा-७'. ४०४ येतो, येऊ दे. मग त्याच फाइलीत, तशाच कमांडने 'रबाळे-चहा' शोधतो, रोमनमध्ये. सापडलं तर फाइल बरोबर, सर्व्हर बरोबर, परवानगी बरोबर, आणि त्या ओळीवरची वेळ बघून घड्याळाचा फरकही समजला. नाही सापडलं तर विनंती दुसऱ्या सर्व्हरवर गेली, किंवा मधल्या सीडीएनने (साइटच्या प्रती जवळ ठेवून उत्तर देणाऱ्या सर्व्हरांनी) परस्पर उत्तर दिलं, किंवा लॉग भलतीकडे जातोय. ग्राहकाची ओळ शोधण्याआधी ते सोडवा. मागच्या पावसाळ्यात एका रात्री माझीच खूण मला चार सर्व्हरवर सापडली नाही. पाचवा सर्व्हर त्याच संध्याकाळी जोडला होता आणि कुणी सांगितलं नव्हतं. ग्राहकाची ओळ तिथेच होती.

तिकिटावर मग असं लिहा: कुठले सर्व्हर, कुठल्या फाइली, कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत आणि कुठल्या झोनमध्ये, नेमकी कमांड, आणि खूण सापडली होती की नाही. सकाळच्या पाळीच्या माणसाला फोन करावा लागत नाही.

सापडलेल्या ओळी ग्रुपवर टाकू का?

आहेत तशा नाही. लॉगमध्ये मोबाइल नंबर, मेल, कधीकधी लॉगिनचं टोकनही असतं, आणि टोकन ज्याच्या हाती तो त्या ग्राहकाच्या नावाने आत जाऊ शकतो. आधी सेडमधून काढा: ६ ते ९ पैकी एका अंकाने सुरू होणारे सलग दहा अंक दिसले की त्याजागी फुल्या. टोकन आणि मेल मात्र स्वतःच्या डोळ्यांनी बघून पुसा, आणि फोटो काढून पाठवू नका. फोटोत काही पुसता येत नाही, आणि समोरच्याला त्यावर ग्रेपही करता येत नाही.